दवाखाना पालखीच्या वाटेने

एस.टी.त मी एकोणतीस वर्षं गाडी हाकली. रत्नागिरी-चिपळूण, रत्नागिरी-राजापूर, मधली सगळी वळणं मला तोंडपाठ. निवृत्त होऊन घरात बसलो आणि पंधरा दिवसांत बायकोचा जीव मेटाकुटीला आला. चुलीत लाकूड कसं सारावं इथपासून मी तिला शिकवायला लागलो होतो. शेवटी ती म्हणाली, "अहो, कुठं तरी गाडी बघा चालवायला, नायतर मला तरी माहेरी धाडा."

माझा स्वभाव तिरसट. हे मी कौतुकानं सांगत नाही, पुढचं सगळं त्याच्यामुळेच घडलं म्हणून सांगतो.

गाडी आपण होऊन चालत आली. आमच्या गावची मुंबईला नोकरीला असलेली मंडळी आहेत, त्यांचं एक मंडळ आहे. अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर त्यांनी गावाला फिरता दवाखाना दिला. एक जुनी मॅटॅडोर घेऊन, आत एक बाकडं, औषधांचं कपाट, हिरवा पडदा असं सगळं बसवून आणलं होतं. मागच्या दाराला लोखंडी उतरती फळी होती. ती खाली सोडली की चाकाची खुर्ची सरळ गाडीत जाते म्हणे. आम्ही सगळे कौतुकानं बघत राहिलो. कुणाच्या डोक्यात आलं नाही की आमच्या गावात एक घर दाखवा, जिथं रस्त्यावरून उतरायला चिऱ्याच्या वीस-तीस पायऱ्या नाहीत! रस्त्यापर्यंत आलेला माणूस गाडीत चढेलच, पण रस्त्यापर्यंत त्याला आणायचं कुणी? पण दानाच्या गाईचे दात मोजू नयेत. पोरं त्या फळीवरून घसरगुंडी खेळायची.

डॉक्टर रत्नागिरीतले. त्यांचा स्वतःचा दवाखाना होता, तो ते दुपारी चारला उघडायचे. गुरुवारची सकाळ त्यांनी आम्हाला दिली होती. बरोबर एक नर्स. ती कोल्हापूरकडची, नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आलेली, तोंडानं फटकळ. मी सकाळी रत्नागिरीला जाऊन दोघांना घेऊन यायचं, गावच्या पाच वाड्या फिरवायच्या, आणि दोनच्या ठोक्याला परत निघायचं, असं काम.

आता गाव कसा आहे ते सांगतो, त्याशिवाय कळायचं नाही. रत्नागिरीहून येताना गावात शिरताच तिठा लागतो. तिथून डावीकडचा रस्ता खाली खाडीकडे जातो. ती बंदरवाडी, तिठ्यापासून हाकेच्या अंतरावर. सरळ रस्ता वर चढत सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळमाळावर जातो, तिथं देऊळ आणि आमची वरची वाडी. बाकीच्या तीन वाड्या मधल्या उतारावर. म्हणजे रत्नागिरीकडून येणाऱ्या गाडीला पहिली लागते ती बंदरवाडी.

दवाखाना कुठून सुरू करायचा हे ठरवायला देवळात सभा भरली. नर्सनं कागदावर रस्ता काढून आणला होता. आधी बंदरवाडी, मग मधल्या तीन, शेवटी वरची वाडी. सगळे कागद बघत होते. मी उभा राहिलो.

आमच्या घराला पालखीचा पहिला मान आहे. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी देवळातून निघाली की पहिली आमच्या अंगणात टेकते. मग ठरल्या क्रमानं घरं घेत, वाड्या घेत खाली उतरते आणि सर्वांत शेवटी बंदरवाडीत पोचते. आमच्या जमिनी कुळकायद्यात गेल्या, कलमं भावकीत वाटली गेली, राहिला हा मान तेवढा. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ना, तो पीळ माझ्यात होता.

मी म्हटलं, "गावात नवं काही आलं तर ते पालखीच्या वाटेनं फिरतं. नळाची पहिली चावी कुठं बसली? वरच्या वाडीत. विजेचा पहिला दिवा? वरच्या वाडीत. दवाखाना काय देवीपेक्षा मोठा झाला?"

नर्स म्हणाली, "अहो काका, पालखी चालत जाते. ही गाडी आहे की!"

मी म्हटलं, "बाई, आमच्या गावाची रीत आम्हाला कळते."

डॉक्टर म्हणाले, गाव ठरवील तसं. गाव गप्प बसलं. मी तो होकार धरला, आणि छाती काढून खाली बसलो.

आता माझी बहीण. माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आम्ही तिला आक्का म्हणायचो. आई लवकर गेली, त्यामुळे मला तिनंच वाढवलं. "ह्या मेल्याला कडेवर घेऊन माझी कंबर वाकडी झाली," असं ती लग्नानंतर सासरी सगळ्यांना सांगायची. तिचं सासर बंदरवाडी. भावोजी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा यायचा. घरात ती आणि सून. आक्काला साखरेचा आजार होता. तिला दर आठवड्याला दाखवावं लागे.

गुरुवारी साडेनवाला मी डॉक्टरांना घेऊन तिठ्यावर येई तेव्हा आक्का तिथं रस्त्याकडेच्या दगडी गडग्यावर बसलेली असे, मांडीवर औषधांच्या कागदांची पिशवी. तिची पाळी आली म्हणून नव्हे हो, भावाची गाडी बघायला. मी दोनदा हॉर्न वाजवी. ती हात हलवून ओरडे, "जा जा, आधी राजेलोकांना पाज औषध! आम्ही बसलोय हितं!" आणि खदाखदा हसे. मीही हसे. मग मी तिच्यासमोरून गाडी सरळ सड्यावर नेई, आणि चार तासांनी परत तिच्यापाशी येई.

वरच्या वाडीत काय चाले म्हणता? पोहे, चहा, डॉक्टरांना आंब्याचं सरबत. माझ्या चुलत्यांना धाड भरली नव्हती. ते दर गुरुवारी ब्लडप्रेशर मोजून घेत, कारण पहिला नंबर त्यांचा. डॉक्टर भिडस्त. तिथंच अकरा वाजत. बंदरवाडीला पोचेपर्यंत दीड, कधी पावणेदोन. तिथं खोकणारी माणसं, तापाची मुलं, आणि डॉक्टरांचं एक लक्ष घड्याळाकडे. त्यांचा दोष नाही. चारला त्यांच्या दारात दुसरे पेशंट उभे असत.

असं जवळजवळ वर्ष गेलं. दुसऱ्या वर्षी गणपती झाल्यावर आक्का ओहोटीला खाडीत कालवं काढायला गेली. वहाण चिखलात रुतली ती काढून ठेवली, आणि कालवाच्या शिंपल्याच्या कडेनं पायाचा तळवा कापला. दुखलं नाही म्हणून तिनं लक्ष दिलं नाही. साखरेच्या माणसाला पायाचं दुखणं कळतच नाही, हे मला मागाहून समजलं. हळद भरली, फडकं बांधलं आणि कामाला लागली.

पुढच्या गुरुवारी तिनं डॉक्टरांना पाय दाखवला. दोनला पाच कमी होते. त्यांनी जखम धुतली, गोळ्या दिल्या, पाण्यात पाय घालू नका म्हणाले. "पुढच्या खेपेला नीट बघू," म्हणाले, "जरा लवकर बघायला मिळालं तर बरं."

मी आक्काला म्हटलं, "उद्या एस.टी.नं रत्नागिरीला जाऊ या का?"

"हत् मेल्या! गुरुवारी दारात डॉक्टर येतो माझ्या, आणि मी एस.टी.त धक्के खाऊ?"

ही गाडी नसती तर ती एस.टी.नं गेली असती. पहिल्याच आठवड्यात गेली असती. हे मी कितीतरी वेळा स्वतःशी म्हटलंय.

त्याच्या पुढच्या गुरुवारी वरच्या वाडीत चुलत्यांकडे सत्यनारायण होता. डॉक्टरांना प्रसादाला बसवलं. नको नको म्हणत ते बसले. बंदरवाडीला आलो तेव्हा दोन वाजून गेले होते. नर्स एकटीच बॅग घेऊन पळत आक्कापाशी गेली, पट्टी बदलली आणि परत आली. मग रत्नागिरी जवळ आल्यावर म्हणाली, "काका, पायाला वास येतोय."

मी म्हटलं, "पुढच्या गुरुवारी आधी तिलाच बघा."

"आधी म्हणजे कधी?"



तिसरा गुरुवार. डॉक्टरांना रात्री जागरण झालं होतं, ते माझ्या शेजारी डोळे मिटून बसले होते. नर्स मागे. तिठा दिसला. आक्का आज गडग्यावर बसली नव्हती. सुनेच्या खांद्याला धरून उभी होती, एक पाय जमिनीला टेकवत नव्हती. आजूबाजूला वाडीतली दहा-बारा माणसं एस.टी.ची वाट बघत होती.

नर्स मागून मधल्या खिडकीत तोंड घालून म्हणाली, "काका, गाडी थांबवा. मला त्यांचा पाय आत्ता बघायचाय."

"दीड वाजता बघा."

"दीड वाजता घड्याळ बघायचं असतं. थांबवा म्हणते ना!"

आक्कानं हात वर केला. नेहमीसारखा हलवला नाही, नुसता वर धरला.

माझा पाय ब्रेकवर गेला होता. खोटं कशाला बोलू, गेला होता. गाडी मंदावलीसुद्धा. आणि तेवढ्यात माझ्या मनात आलं, आता थांबलो तर ही सगळी माणसं बघणार. म्हणणार, पालखीच्या गप्पा मारत होता, स्वतःच्या बहिणीसाठी बरा थांबला. वर चुलते अंगणात खुर्ची टाकून बसलेले असणार. ज्यानं रीत घातली त्यानंच ती मोडायची? मी दोनदा हॉर्न वाजवला, गिअर टाकला आणि गाडी सड्याला लावली.

आरशात बघितलं नाही.

दीडला परत आलो तर तिठ्यावर एकटी सून. "मामा, आईंना थंडी वाजून ताप भरलाय. हाक मारली तर ओ देत नायत."

डॉक्टर घड्याळ न बघता पाखाडीच्या पायऱ्या उतरून धावत गेले. पाच मिनिटांनी खालूनच ओरडले, "चादर आणि चार माणसं!" आम्ही तिला चादरीच्या झोळीतून वर आणलं. पाय घोट्यापर्यंत काळा पडला होता. गाडीत तिनं एकदा डोळे उघडले, मला बघितलं, आणि परत मिटले. रत्नागिरीपर्यंत मी जशी गाडी चालवली तशी एकोणतीस वर्षांत चालवली नव्हती. कशाला आता त्याचं कौतुक!

दुसऱ्या दिवशी गुडघ्याखालून पाय काढला.

मी डॉक्टरांना बाहेर गाठलं. म्हटलं, "काल सकाळी साडेनवाला थांबलो असतो तर?"

ते खरं बोलणारे होते. म्हणाले, "चार तासांनी फारसा फरक पडला नसता. पण पहिल्या गुरुवारी मला त्या निवांत बघायला मिळाल्या असत्या, तर मी तेव्हाच इथं पाठवलं असतं. पाय राहिला असता. माझंही चुकलंच, मी गर्दीत नीट बघितलं नाही." मग म्हणाले, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका." असं म्हटल्यावर कुणी लावून घ्यायचं राहतं का?

महिन्यानं आक्का घरी आली. मंडळानं चाकाची खुर्ची दिली. तिठ्यावर मी गाडी लावली, मागची फळी खाली सोडली आणि खुर्ची हळूहळू उतरवली. बंदरवाडी बघायला जमली होती. "म्हणजे हे दार माझ्यासाठीच करून आणलं होतं तर," आक्का म्हणाली. कुणी हसलं नाही. रस्त्यापासून तिच्या दारापर्यंत अडतीस पायऱ्या. पुढे दोघं, मागे मी आणि शेजारी, खुर्चीसकट तिला उचलून नेलं. मध्येच मला दम लागला, खुर्ची टेकवली. ती म्हणाली, "कडेवर घे की! मी घेत होते." त्यावर मात्र मला रडू आलं, आणि तिनं माझ्या डोक्यावर एक टपली मारली.

क्रम बदला असं मी तेव्हाच सभेत उठून म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. म्हटलं असतं तर चूक माझी होती हे गावासमोर कबूल केल्यासारखं झालं असतं. तेव्हा गाडी सरळच जात राहिली. आक्का आता तिठ्यावर नसे. गाडी दीडला आली की नर्स अडतीस पायऱ्या उतरून तिच्याकडे जाई. माझ्याशी ती कामापुरतं बोले.

एकदा दुपारी मी आक्काच्या पडवीत बसलो होतो. ती खुर्चीत बसून काजू फोडत होती. मी कसाबसा विषय काढला. "आक्का, त्या दिवशी तू हात केलास तो..."

"थांब म्हणून केला होता."

"मग शिव्या घाल ना मला! इतके महिने झाले, एक शब्द बोलली नाहीस."

तिनं हातातला काजू फोडून गर बाजूला ठेवला. म्हणाली, "हात वर केला आणि मलाच लाज वाटली रे. म्हटलं, हे मी काय करतेय? मी पण त्याच घरातली. पहिला मान आपल्या अंगणाचा, तो मीच मोडायला निघाले? तू थांबला असतास तर मलाच बरं वाटलं नसतं."

मला वाटलं होतं ती मला दोष देईल. तिनं माझी बाजू घेतली. देवाशपथ सांगतो, शिव्या परवडल्या असत्या.

पुढच्या पावसाळ्यानंतर तिच्या दुसऱ्या पायाला फोड आला. ह्या वेळी डॉक्टरांनी वेळेवर बघितला, रत्नागिरीला चला म्हणाले. ती म्हणाली, "नको. एकदा गेले, अर्धी होऊन आले. आता काय ते हितंच." सुनेनं हात जोडले, मी पाया पडलो, मुलगा बोटीवरून फोन करून रडला. ऐकलं नाही. घराण्याचा हट्ट तिच्यातही होताच, माझ्यापेक्षा चार गुंजा जास्तच. माघात ती गेली.

तेरावं झालं आणि त्याच आठवड्यात देवळात मंडळाची सभा होती. मी ठरवूनच गेलो. भांडण होणार हे मला ठाऊक होतं. वरच्या वाडीची भावकी उठणार, चुलते रीत काढणार, देवीचं नाव घेणार. मी रात्रंदिवस उत्तरं पाठ केली होती. कुणी आवाज चढवला तर मीही चढवणार होतो. लाज गुंडाळून ठेवली होती.

विषय निघाल्यावर मी उभा राहिलो. म्हटलं, "येत्या गुरुवारपासून गाडी आधी बंदरवाडीत थांबेल. वरची वाडी शेवटी."

मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "बरं. लिहून घ्या. पुढचा विषय, देवळाची कौलं."

मी उभाच. म्हटलं, "कुणाची हरकत असेल तर आत्ता बोला."

कुणी बोललं नाही. मी चुलत्यांकडे बघितलं. म्हटलं, "काका, तुमची तरी?"

"माझी कसली हरकत?" ते म्हणाले. "बंदरवाडी आधी पडते हे न कळायला मी काय खुळा आहे? पहिल्या सभेतच बोलणार होतो. पण तू उठलास, म्हटलं, राहू दे, पोराला वाईट वाटेल."

मागे बंदरवाडीचे एक म्हातारे बसले होते, आक्काचे शेजारी, तिची खुर्ची उचलायला माझ्याबरोबर होते ते. ते हळूच म्हणाले, "आम्ही कसं बोलणार? बहीण तुमची आमच्यात. म्हटलं, आज ना उद्या तुम्हीच बोलाल. वाट बघत होतो."

दोन वर्षं अख्खं गाव माझं मन राखत होतं. त्या क्रमाचं कुणाला काही नव्हतं, देवीलाही नसावं. मला एकट्याला होतं. आणि माझ्या बहिणीला, माझ्यापायी.

अध्यक्ष कौलांचं वाचू लागले. मी खांबाला टेकून खाली बसलो आणि रडलो, साठ वर्षांचा बाप्या, सगळ्यांच्या देखत, आणि कुणी मला गप्प केलं नाही.